घर आणि पाळीव प्राणी सांभाळण्याच्या जाहिरातीला सिटरांचे अर्ज येत नसतील तर काय तपासावे?

प्रवासाच्या तारखा ठरतात, तिकिटे काढली जातात, हाऊससिटिंगच्या, म्हणजे मालक प्रवासात असताना घरी राहून घर आणि प्राणी सांभाळणारी माणसे (सिटर) मिळवून देणाऱ्या संकेतस्थळाचे सदस्यत्व घेतले जाते, जाहिरात प्रसिद्ध होते आणि त्यानंतर काहीच घडत नाही. एखाददुसरा अर्ज आलाच तर तो असा असतो की, घरात कुत्रा आहे की मांजर हेही अर्जदाराने वाचले नसावे अशी शंका येते. शेवटी एखाद्या नातेवाइकाला गळ घालून वेळ निभावली जाते आणि पुढच्या प्रवासाच्या वेळी पुन्हा तीच अडचण उभी राहते. अशा वेळी बहुतेक घरमालक असे मानून बसतात की आपले घर लहान आहे, आडबाजूला आहे किंवा आपला कुत्रा म्हातारा झाल्यामुळे त्याला सांभाळायला कोणी तयार होत नाही. हा निष्कर्ष बहुधा चुकीचा असतो. साध्या दोन खोल्यांच्या घरांना आणि रोज औषध घेणाऱ्या प्राण्यांनाही उत्तम सिटर मिळतात, तर प्रशस्त बंगल्यांच्या काही जाहिराती नुसत्या पडून राहतात. या फरकाचे कारण बहुतेक वेळा जाहिरातीच्या मजकुरात सापडते.

या व्यवहारात सहसा पैशांची देवाणघेवाण होत नाही. सिटर राहण्याच्या सोयीच्या बदल्यात प्राण्यांची आणि घराची काळजी घेतो, आणि येण्याजाण्याचा खर्च बहुधा स्वतःच करतो. त्यामुळे जाहिरात वाचताना तो एका प्रश्नाचे उत्तर शोधत असतो, ते म्हणजे या घरात माझा दिवस कसा जाईल. सकाळी किती वाजता उठावे लागेल, किती वेळ बाहेर जाता येईल, रात्री झोप मिळेल का, स्वतःचे काम करायला जागा आणि इंटरनेट असेल का, हे सर्व त्याला घर न पाहता ठरवायचे असते. जी जाहिरात हा दिवस स्पष्टपणे डोळ्यांसमोर उभा करते तिच्याकडे सिटर वळतात. केवळ घराची आणि प्राण्याची स्तुती करणारी जाहिरात वाचून मात्र त्यांना काहीच ठरवता येत नाही.

आधी अडचण कोणत्या टप्प्यावर आहे ते शोधा

सिटर जाहिरातीपर्यंत पोहोचतो, मग ती वाचून अर्ज करतो, आणि मग बोलणे होऊन होकार देतो. या तीन टप्प्यांपैकी गाडी कुठे अडते हे कळल्याशिवाय मजकूर पुन्हा पुन्हा बदलण्यात अर्थ नाही. काही संकेतस्थळांवर जाहिरात किती जणांनी पाहिली किंवा जतन करून ठेवली हे दिसते. जिथे ते दिसत नाही तिथे एखाद्या मित्राला सिटरच्या भूमिकेतून शोध घ्यायला सांगावे. त्याने आपल्या तारखा, प्राण्याचा प्रकार आणि वाय-फायसारख्या सोयी निवडून शोधल्यावर आपली जाहिरात यादीत येते का, आणि आली तर लहान आकारातील छायाचित्र व शीर्षक पाहून ती उघडावीशी वाटते का, हे त्याला प्रामाणिकपणे सांगू द्यावे.

ही तपासणी किरकोळ वाटली तरी टाळू नये. सिटर प्रामुख्याने गाळण्या (फिल्टर) लावूनच शोध घेतात. घरात इंटरनेट आहे, सार्वजनिक वाहनाने येता येते, मुलांसह आलेले कुटुंब चालेल, अशा चौकटींवर खूण करायची राहून गेली असेल, तर मजकुरात ते सर्व सविस्तर लिहिलेले असूनही जाहिरात त्या सिटरांच्या यादीत येतच नाही. दुरुस्तीला पाच मिनिटे लागतात आणि पुष्कळदा संपूर्ण अडचण तेवढ्यानेच सुटते.

संकेतस्थळाचे नियमही इथेच पाहून घ्यावेत. २०१० मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ट्रस्टेड हाऊससिटर्स या संकेतस्थळावर एखाद्या मुक्कामासाठी पाच अर्ज आले की नवे अर्ज स्वीकारणे आपोआप थांबते, आणि घरमालकाने आलेल्यांपैकी काही अर्ज नाकारल्यावरच जागा पुन्हा मोकळी होते. अर्ज आले पण योग्य माणूस नाही, म्हणून उत्तर न देता वाट पाहत बसणारा घरमालक तिथे स्वतःच दार बंद करून घेतो. जे अर्ज निश्चितपणे नको आहेत त्यांना त्याच दिवशी दोन ओळींचे सौजन्यपूर्ण उत्तर पाठवून मोकळे करावे. नकार लवकर मिळाला तर सिटरलाही दुसरीकडे अर्ज करता येतो.

जाहिरात पाहणारेच कमी असतील तर

इथे तीन गोष्टी महत्त्वाच्या असतात : तारखा, शीर्षक आणि पहिले छायाचित्र.

तारखांचे गणित सिटरच्या बाजूने मांडून पाहावे. शुक्रवार ते रविवार एवढ्याच मुक्कामासाठी दूरचा सिटर प्रवासखर्च करून येणार नाही, म्हणून अशी जाहिरात जवळपास राहणाऱ्या माणसासाठीच लिहिली पाहिजे, आणि तिच्यात गाडी लावायला जागा आहे का आणि नेहमीच्या कामावर इथून जाता येईल का यांसारख्या गोष्टी आधी आल्या पाहिजेत. दोन-तीन आठवड्यांचा मुक्काम दूरच्या सिटरला परवडतो. त्याला परिसरात फिरण्यासारखे काय आहे आणि स्थानकावरून किंवा विमानतळावरून घरी कसे पोहोचायचे हे हवे असते. सणांच्या आणि शाळांच्या सुट्ट्यांमध्ये घरमालक एकाच वेळी प्रवासाला निघतात, त्यामुळे त्या काळात जाहिराती अधिक आणि सिटर कमी अशी स्थिती होते. अशा तारखांसाठी तीन-चार महिने आधी जाहिरात टाकणे बरे. येण्याची तारीख एक-दोन दिवस मागेपुढे करता येत असेल तर तसे स्पष्ट लिहावे, कारण एका घरातून दुसऱ्या घरी जाणाऱ्या सिटरच्या वेळापत्रकात एवढ्याशा सवलतीनेही आपले घर बसू शकते.

शीर्षकात विशेषणांपेक्षा माहिती द्यावी. ‘सुंदर घरात प्रेमळ प्राणी’ हे शीर्षक कोणत्याही जाहिरातीला लावता येते, म्हणून ते कोणाच्याच लक्षात राहत नाही. ‘दोन शांत मांजरी, बाग, रेल्वे स्थानकापासून दहा मिनिटे चालत’ एवढे लिहिले तर ज्याला मांजरी आवडतात आणि ज्याच्याकडे गाडी नाही अशा सिटरला ही जाहिरात आपल्यासाठी आहे हे एका दृष्टिक्षेपात कळते.

पहिल्या छायाचित्रात प्राणी असावा आणि तो घराच्या ओळखू येण्याजोग्या जागी असावा, म्हणजे खिडकीजवळच्या खुर्चीवर झोपलेले मांजर किंवा अंगणात उभा असलेला कुत्रा. छायाचित्र आडवे काढावे, कारण उभे छायाचित्र यादीत कापले जाते आणि नेमके प्राण्याचे डोके कापले जाण्याची शक्यता असते. ते दिवसाच्या उजेडात, खिडकी आपल्या पाठीमागे ठेवून, प्राण्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढले तर साध्या फोननेही उत्तम येते. त्यानंतर सिटर जिथे झोपणार आहे ती खोली, स्वयंपाकघर, न्हाणीघर, काम करायला बसता येईल असे टेबल आणि घराबाहेरचा परिसर, असा क्रम ठेवावा. सिटरच्या झोपण्याच्या खोलीचे छायाचित्र नसलेल्या जाहिराती आश्चर्यकारक प्रमाणात आढळतात, आणि ते नसले की तिथे दाखवण्यासारखे काही नसेल अशीच समजूत होते. खोली साधी असली तरी चालते. स्वच्छ चादर, मोकळे कपाट आणि उशाशी दिवा दिसला पाहिजे. फार रुंद कोनाच्या भिंगाने लहान खोली मोठी दाखवू नये, कारण सिटर दारात येताच तो फरक उघड होतो आणि मग बाकीच्या मजकुरावरचाही विश्वास डळमळतो.

सुरक्षिततेसाठी घराचा क्रमांक, गाडीची पाटी, अलार्मचा फलक आणि किल्ली ठेवण्याची जागा छायाचित्रांत येऊ देऊ नये. फोनमधील छायाचित्रांत स्थानाची माहिती साठवलेली असू शकते, तीही छायाचित्र चढवण्यापूर्वी काढून टाकावी.

पाहणारे पुष्कळ, पण अर्ज नाहीत

ही सर्वांत जास्त आढळणारी स्थिती आहे आणि तिचे मूळ जवळजवळ नेहमी प्राण्यांविषयीच्या परिच्छेदात असते. तो परिच्छेद बहुधा असा असतो : ‘आमचा मोती अतिशय गोड आणि मायाळू आहे. त्याला माणसांचा फार लळा आहे. त्याच्या थोड्याफार गरजा आहेत, त्या प्रत्यक्ष बोलताना सांगू.’ लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो. त्याला आपल्या कुत्र्याची पहिली ओळख त्याच्या दुखण्यांनी करून द्यायची नसते. परंतु अनुभवी सिटरच्या मनात ‘थोड्याफार गरजा’ या दोन शब्दांनी सर्वांत अवघड शक्यता उभ्या राहतात, आणि ‘माणसांचा फार लळा’ याचा अर्थ तो असा लावतो की या कुत्र्याला क्षणभरही एकटे सोडता येत नसावे.

तीच माहिती अशी लिहिता येते : ‘मोती ११ वर्षांचा, २२ किलो वजनाचा मिश्र जातीचा कुत्रा आहे. तो सकाळी साडेसहाच्या सुमारास उठतो आणि त्याला लगेच बाहेर न्यावे लागते. ही फेरी वीस मिनिटांची असते. खाणे झाल्यावर तो दुपारपर्यंत झोपून असतो. संध्याकाळी पाऊण तासाची फेरी लागते. तो चार तास एकटा शांत राहतो, त्याहून अधिक वेळ झाला तर दाराशी बसून भुंकतो. समोरून मोठा कुत्रा आला की तो पट्टा जोरात ओढतो. आम्ही अशा वेळी रस्ता ओलांडतो आणि त्याला खाऊ दाखवतो, तेवढ्याने तो शांत होतो. रात्री तो दिवाणखान्यात आपल्या गादीवर झोपतो आणि सहसा उठत नाही.’

या दुसऱ्या परिच्छेदात मोतीचे दोष लपवलेले नाहीत, उलट पहिल्यापेक्षा अधिक सांगितले आहेत, आणि तरीही तो वाचून सिटरला धीर येतो. वजन कळल्यामुळे ओढणारा कुत्रा आपल्याला आवरेल का हे त्याला ठरवता येते, आणि दुपार मोकळी असल्याचे कळल्यामुळे त्या वेळेत काय करता येईल याचा तो विचार करू लागतो. अवघड सवय लिहिताना काय होते, केव्हा होते, आपण काय करतो आणि त्याने काय साधते, हे चारही भाग यावेत. पहिले दोनच भाग लिहिले तर ती तक्रार वाटते आणि शेवटचे दोनच लिहिले तर लपवाछपवी वाटते.

एकटे राहण्याचा कालावधी हा प्रत्येक कुत्र्याच्या जाहिरातीतील सर्वांत महत्त्वाचा आकडा आहे, आणि नेमका तोच बहुतेक वेळा लिहिलेला नसतो. ब्रिटनमधील प्राणिकल्याण संस्थांचा सर्वसाधारण सल्ला असा आहे की प्रौढ कुत्र्याला सलग चार तासांपेक्षा अधिक वेळ एकटे ठेवू नये. लहान पिल्लू त्याहून बराच कमी वेळ एकटे राहू शकते. आपल्या कुत्र्याला प्रत्यक्षात किती वेळ चालते ते तासांत लिहावे. ‘शक्यतो कोणीतरी घरी असावे’ हे वाक्य सिटरला आज्ञा वाटते आणि ती किती काटेकोर आहे हे कळत नाही, त्यामुळे तो दोन तासांसाठी बाहेर जाणेही चुकीचे ठरेल असे समजून अर्जच करीत नाही.

मांजरांच्या बाबतीत वेगळीच गफलत होते. ‘मनी स्वतंत्र वृत्तीची आहे, फार काही करावे लागत नाही’ असे लिहिले जाते, आणि घरात येऊन दोन दिवस मांजर दृष्टीसच पडले नाही की सिटर घाबरतो. बुजऱ्या मांजराविषयी ते किती दिवस लपून राहते, कुठे लपते, आणि ते ठीक आहे हे कशावरून ओळखायचे हे जाहिरातीतच सांगावे. रात्रीत खाणे संपलेले असणे आणि लिटर बॉक्स (मांजराच्या मलमूत्रासाठी घरात ठेवलेली पेटी) वापरलेला असणे या दोन खुणा बहुधा पुरेशा असतात. लिटर बॉक्स रोज साफ करायला सांगण्यामागे केवळ स्वच्छता नसते. बोका लघवीसाठी पुन्हा पुन्हा बसतो आहे पण होत नाही, ही तातडीने पशुवैद्याकडे नेण्याची वेळ असते, आणि रोज साफसफाई करणाऱ्यालाच ती ओळखता येते. असे कारण दिले की सिटर ते काम अधिक मनापासून करतो, आणि या घरमालकाला आपल्या प्राण्याची खरी माहिती आहे हेही त्याला जाणवते.

औषध चालू असलेल्या प्राण्याविषयी लिहिताना तर मोघमपणा पूर्णपणे टाळावा. ‘मधुमेहाचे औषध चालू आहे’ एवढ्याने अर्धे वाचक निघून जातात. तेच ‘खाण्याबरोबर दर बारा तासांनी, म्हणजे सकाळी सात आणि संध्याकाळी सातला, इन्सुलिनचे एक इंजेक्शन मानेजवळच्या सैल कातडीत द्यायचे असते, मांजर खाता खाता स्थिर उभे राहते, आपण आदल्या दिवशी आलात तर आम्ही दोनदा दाखवू आणि एकदा आपल्याकडून देऊन घेऊ’ असे लिहिले, तर ज्याने हे पूर्वी केले आहे तो लगेच पुढे येतो आणि ज्याने केलेले नाही तोही शिकण्याचा विचार करतो. यातून सिटरला आणखी एक गोष्ट कळते, ती म्हणजे संध्याकाळी सातला घरी असणे बंधनकारक आहे. इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सियस तापमानात ठेवायचे, प्राण्यांसाठीच्या, प्रति मिलिलिटर ४० युनिटच्या (U-40) इन्सुलिनला U-40 खूण असलेलीच सिरिंज लागते, माणसांची १०० युनिटची (U-100) चालत नाही, आणि मांजराने खाल्ले नाही तर इंजेक्शन देण्यापूर्वी पशुवैद्याला फोन करायचा, हा तपशील घरी ठेवायच्या सूचनापत्रात यावा. तसे सूचनापत्र तयार आहे एवढा उल्लेख मात्र जाहिरातीत जरूर असावा, कारण जबाबदारी घेणाऱ्या माणसाला सर्वांत मोठी भीती अडचणीच्या वेळी एकटे पडण्याची असते.

कोंबड्या, ससे, मासे किंवा गुरे असतील तर कामाची यादी देऊन थांबू नये, त्या कामामुळे दिवसावर कोणते बंधन येते ते सांगावे. कोंबड्यांचे खुराडे दिवेलागणीला बंद करावे लागते. म्हणजे हिवाळ्यात सिटरला दुपार उलटताच परतावे लागेल आणि उन्हाळ्यात रात्री उशिरापर्यंत घरीच थांबावे लागेल. ते आपोआप बंद होणाऱ्या दाराचे असेल तर तेही लिहावे, कारण त्या एका सोयीने सिटरची संध्याकाळ मोकळी होते. माशांना किती खाणे घालायचे हे शब्दांत न सांगता रोजची मात्रा वेगवेगळ्या पुड्यांत काढून ठेवली आहे असे लिहिले तर बरे, कारण नवखा माणूस मायेपोटी जास्तच घालतो आणि टाकीतले पाणी बिघडते.

शेवटी सर्व प्राण्यांची सर्व कामे मिळून रोज किती वेळ जातो याचा एकच प्रामाणिक आकडा द्यावा. तो आकडा काढण्यासाठी एक दिवस घड्याळ लावून ही कामे स्वतः करून पाहावीत. सवयीमुळे आपल्याला ती प्रत्यक्षाहून छोटी वाटत असतात.

घराविषयीचा मजकूर

घराचे वर्णन लांबवण्याची गरज नसते. काही प्रश्नांची थेट उत्तरे पुरतात. पलंग एकाचा की दोघांचा, जिने किती, जवळचे दुकान चालत किती मिनिटांवर, गाडीशिवाय राहता येते का, सिटरच्या मुक्कामात घरात दुसरे कोणी राहणार किंवा येणार आहे का. यांतील शेवटचा प्रश्न विसरला जातो. तळमजल्यावर भाडेकरू असेल, आठवड्यातून एकदा माळी येत असेल किंवा छताचे काम चालू असेल, तर ते आधीच कळलेले बरे.

इंटरनेटविषयी ‘उत्तम वाय-फाय’ असे लिहू नये, वेग मोजून लिहावा, आणि माहिती उतरवण्याबरोबरच पाठवण्याचाही वेग द्यावा. घरून नोकरी करणाऱ्या सिटरला व्हिडिओ बैठकीसाठी हा दुसरा वेग निर्णायक असतो आणि पुष्कळ जोडण्यांमध्ये तो पहिल्यापेक्षा खूपच कमी असतो. मोजणी बैठकीच्या खोलीत न करता सिटर ज्या टेबलावर बसणार आहे तिथे करावी.

घराचे उणेपणही याच ठिकाणी सांगून टाकावे. रस्त्याचा आवाज येतो, हिवाळ्यात मागची खोली थंड असते, गरम पाणी यायला वेळ लागतो, अशा गोष्टींमुळे कोणी अर्ज मागे घेत नाही. त्या लपवल्या गेल्या होत्या हे नंतर कळले तर मात्र मन दुखावते.

नियमांची यादी आणि न संपणारी कामे

काही जाहिराती व्यवस्थित असतात, छायाचित्रे चांगली असतात, प्राण्यांची माहिती पूर्ण असते, आणि तरीही अर्ज येत नाहीत. अशी जाहिरात एकदा मोठ्याने वाचून त्यात ‘नाही’, ‘नये’ आणि ‘सक्त मनाई’ किती वेळा येते ते मोजावे. दिवाणखान्यात खाऊ नये, पाहुणे आणू नयेत, ओव्हन वापरू नये, बूट घालून फिरू नये, अशी रांग लागली की सिटरला आपल्यावर आधीच अविश्वास दाखवला जात असल्याचे वाटते. नियम असण्याला कोणाचीही हरकत नसते. जे दोन-तीन नियम खरोखर अत्यावश्यक आहेत ते कारणासह जाहिरातीत ठेवावेत : ‘मांजर बाहेर पळते आणि जवळच वाहता रस्ता आहे, म्हणून आतले दार लावल्याशिवाय बाहेरचे दार उघडू नये.’ बाकीचे सूचनापत्रात जाऊ द्यावेत.

कामांच्या बाबतीत माझे मत ठाम आहे. मोफत निवासाच्या बदल्यात प्राण्यांची देखभाल, घराची नेहमीची स्वच्छता, झाडांना पाणी, आलेले टपाल उचलून ठेवणे आणि कचरा बाहेर ठेवणे एवढे रास्त आहे. त्यापलीकडे मोठ्या बागेची छाटणी, भाड्याने दिलेल्या खोलीतील पाहुण्यांचे स्वागत किंवा रंगकाम करून घेणे हे पगारी काम आहे, आणि ते जाहिरातीत मिसळले तर चांगले सिटर निघून जातात व ते योग्यच करतात. ‘बागेकडे थोडे लक्ष’ या शब्दप्रयोगाऐवजी ‘कुंड्या बारा, उन्हाळ्यात एक दिवसाआड पाणी, पंधरा मिनिटे’ असे लिहावे. वीज, पाणी किंवा गॅसचा खर्च सिटरने द्यावा अशी अपेक्षा असेल तर ती पहिल्याच परिच्छेदात सांगावी. मात्र थोड्या दिवसांच्या मुक्कामासाठी अशी मागणी करूच नये.

कॅमेऱ्यांचा विषय अनेक जण टाळतात, आणि तो सर्वांत घातक ठरतो. घराबाहेरच्या दारावर कॅमेरा असेल तर तो कुठे आहे हे जाहिरातीत लिहावे, आणि आतले कॅमेरे सिटरच्या मुक्कामात बंद राहतील किंवा काढून ठेवले जातील असे स्पष्ट आश्वासन द्यावे. प्रवाशांना घरे भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी या संकेतस्थळाने ३० एप्रिल २०२४ पासून जगभरातील आपल्या सर्व घरांमध्ये आतील कॅमेऱ्यांवर बंदी घातली, यावरून परक्या घरात राहणाऱ्यांची या बाबतीतील अपेक्षा काय झाली आहे हे लक्षात यावे. प्राणी दिसावा म्हणून कॅमेरा हवा असेल तर त्याऐवजी सिटरने रोज एक छायाचित्र पाठवावे अशी विनंती करावी. ती कोणी नाकारीत नाही.

अर्ज येतात, पण बोलणे झाल्यावर सिटर माघार घेतात

याचा अर्थ बहुधा असा असतो की जाहिरातीत नसलेली एखादी मोठी गोष्ट बोलण्यात बाहेर आली. व्हिडिओ कॉलनंतर माघार घेणाऱ्याला सौजन्याने विचारावे की कोणती गोष्ट अडचणीची वाटली. बहुतेक जण खरे सांगतात. दोघांनी एकच कारण सांगितले तर ती गोष्ट जाहिरातीत लिहावी. त्याने अर्जांची संख्या कदाचित घटेल, परंतु आलेले अर्ज टिकतील.

उत्तराला लागणारा वेळ हेही माघारीचे एक साधे कारण आहे. चांगला सिटर एकाच वेळी दोन-तीन ठिकाणी अर्ज करतो आणि जिथून पहिल्यांदा आपलेपणाने उत्तर येते तिथे त्याचा कल होतो. चोवीस तासांत ‘अर्ज वाचला, शनिवारी बोलू या’ एवढे कळवले तरी पुरते. कॉलवर प्राणी दाखवावा, फोन हातात घेऊन घर फिरवून दाखवावे, आणि आपले प्रश्न संपल्यावर त्याला त्याचे प्रश्न विचारायला पुरेसा वेळ द्यावा. प्रवासाच्या आदल्या रात्री त्याने यावे असे वाटत असेल तर त्या रात्री तो कुठे झोपेल हेही ठरवून सांगावे.

परदेशातून येणाऱ्या सिटरचा विचार करीत असाल तर एक गोष्ट त्याच्याशी आधीच बोलून घ्यावी. काही देशांत घर आणि प्राणी सांभाळण्याच्या बदल्यात मिळणारा मोफत निवास हा कामाचा मोबदला मानला जाऊ शकतो, आणि पर्यटक व्हिसावर आलेल्या माणसाला सीमेवर अडचण येऊ शकते. ज्या देशात तो येणार आहे तेथील नियम अधिकृत ठिकाणी पाहण्याची जबाबदारी त्याची असली, तरी हा विषय आपणहून काढणारा घरमालक त्याला विश्वासार्ह वाटतो. याच सुमारास आपल्या गृहविम्याच्या कंपनीलाही घरात दुसरी व्यक्ती राहणार असल्याचे कळवावे.

जाहिरात नवी असेल आणि अभिप्राय एकही नसेल, तर सिटरलाही तेवढीच जोखीम वाटते जेवढी आपल्याला नवख्या सिटरविषयी वाटते. मोठ्या प्रवासाच्या आधी दोन-तीन दिवसांचा एखादा मुक्काम जवळच्या सिटरकडून करून घ्यावा. त्या मुक्कामासाठी फ्रिजमधला एक खण आणि कपाटाचा एक भाग रिकामा करून ठेवावा, पशुवैद्याचा आणि शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावा, उपचाराचा खर्च आपण देऊ असे पत्र दवाखान्यात आणि घरी ठेवावे, आणि परतल्यावर त्याच आठवड्यात सिटरसाठी सविस्तर अभिप्राय लिहावा. त्याने लिहिलेला अभिप्राय पुढच्या सिटरसाठी आपल्या सर्व मजकुरापेक्षा वजनदार ठरतो.

एवढे करूनही अर्ज आले नाहीत तर

काही घरांसाठी ही पद्धतच योग्य नसते, आणि ते वेळेवर मान्य करणे प्राण्याच्या हिताचे असते. कुत्र्याला तासभरही एकटे सोडता येत नसेल, त्याने पूर्वी माणसाला चावा घेतला असेल, रात्री उठून औषध द्यावे लागत असेल, किंवा वेगवेगळ्या प्राण्यांना एकमेकांपासून सतत दूर ठेवावे लागत असेल, तर मोफत निवासाच्या बदल्यात एवढी जबाबदारी मागणे रास्त नाही. अशा वेळी मोबदला देऊन अनुभवी माणूस नेमावा. पहिली चौकशी आपल्या पशुवैद्याच्या दवाखान्यातच करावी, कारण तेथील सहायकांपैकी काही जण असे काम घेतात आणि प्राण्यालाही ते आधीपासून ओळखीचे असतात. प्रवासाला सहा आठवडे उरले असताना जाहिरातीला एकही योग्य अर्ज आलेला नसेल, तर जाहिरात चालू ठेवूनच ही चौकशी सुरू करावी, म्हणजे नेमलेल्या माणसाला प्राण्याची सवय होण्यासाठी दोन-तीन भेटी देता येतील.